उलुरियाकच्या सपाता

सुरी जठराच्या पिशवीतून सरसर खाली आली आणि मध्येच अडली. हाडाचा तुकडा असेल म्हणून निवियाकनं मनगटाला झटका दिला, पिशवी उकलली आणि वास आला. अस्वलाचा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता. तो सीलच्या चरबीचा, मिठाचा, थोडासा माशांचा वास असतो, जड असतो, पण त्यानं कुणाला मळमळत नाही. हा वास जळक्या प्लास्टिकचा होता. डिझेलचा होता, शिळ्या तळलेल्या कोंबडीचा, पोरांच्या कागदी लंगोटांचा होता. गावाबाहेर विमानाच्या धावपट्टीपलीकडे कचऱ्याचा जो ढीग आहे, वारा पश्चिमेचा असला की त्याचा वास घराघरात शिरतो आणि बायका खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबतात. तोच वास आता तिच्या पायांशी पडलेल्या जनावराच्या पोटातून वाफेबरोबर वर येत होता. तिनं तोंड फिरवलं, थुंकली, आणि पुन्हा वाकली. आत दुकानाच्या पिशवीचे निळे पट्टे होते, सोफ्यातला पिवळा स्पंज होता, खेळण्यातल्या गाडीचं एक चाक होतं, लंगोटाचा फुगलेला लगदा होता. सीलचा एक केससुद्धा नव्हता. आणि या सगळ्याखाली, चिकट पाण्यात भिजलेलं, सुरी जिथे अडली होती तिथे, कातड्याचं काहीतरी होतं. तिनं दोन बोटांनी ते ओढून काढलं, बर्फावर ठेवलं, बुटाच्या टाचेनं पुसलं. सपात होती. डाव्या पायाची. टाचेला दोन बोटं रुंद लाल पट्टी, आणि पट्टीच्या कडेनं एकसारखे बारीक टाके. आपलं अक्षर माणूस कुठेही ओळखतो, तसे तिनं ते टाके ओळखले. त्या वर्षी शिवायला हरणाच्या पाठीच्या स्नायूचा धागा मिळाला नव्हता म्हणून तिनं दातांच्या फटी साफ करायच्या, पुदिन्याच्या वासाच्या मेणाच्या दोऱ्यानं शिवलं होतं. जठराच्या आंबट पाण्यात कातडं निम्मं विरघळलं होतं, दोरा जसाच्या तसा होता.

तिला ओकारी आली. दोन पावलं बाजूला जाऊन, गुडघ्यांवर हात टेकून तिनं सकाळचा चहा बर्फावर टाकला.

अत्तुंगाला तेव्हा तिथे नव्हता ते एक बरं झालं. जनावर घराच्या मागे ओढून आणून, स्लेजवरून खाली ढकलून तो घरोघर सांगायला गेला होता. एकतिसाव्या वर्षी त्याला पहिलं अस्वल मिळालं होतं. त्याची नाळ निवियाकनं कापली होती, ऐन वादळात, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला विमान येऊ शकत नव्हतं तेव्हा, आणि नाळ कापणाऱ्या बाईचा हक्क इथे सगळ्यांना माहीत असतो: पोराच्या हातून पडलेलं पहिलं बदक तिचं, पहिला मासा तिचा, पहिलं सील तिचं, पहिलं अस्वल तिचं. पहिला घास ती खाते आणि मोठ्यानं नावाजते. ती खाईल तरच पुढची जनावरं त्याच्याकडे येतात. तिनं तोंड फिरवलं तर येत नाहीत. या मुलाचं पहिलं बदक तिनं खाल्लं होतं तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बदकात छर्रेच जास्त होते. दाढेखाली छर्रा कडकन वाजला तरी ती म्हणाली होती, लोण्यासारखं आहे रे. आणि आता हे. सकाळी त्यानं जनावर आणलं तेव्हाच तिला खटकलं होतं. उत्तरेच्या टोकावर नवं बर्फ धरलंय, तिथे मारलं, दोन तासांच्या वाटेवर, असं तो म्हणाला. तिथे मारलं असतं तर तिथेच सोललं असतं, पोट तिथेच कावळ्यांना टाकलं असतं. "तुझ्याच हातानं फाडायचं होतं गं, दाईआई, म्हणून अख्खं आणलं," असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना स्लेजची दोरी गुंडाळत राहिला होता. दोरी केव्हाच गुंडाळून झाली होती.

अस्वल मारायच्या परवान्याच्या सोडतीत त्याचं नाव निघालं तेव्हा सभागृहात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चिठ्ठी हातात पडल्यापासून अठ्ठेचाळीस तास. तेवढ्यात मारलं तर मारलं, नाहीतर चिठ्ठी दुसऱ्याला. पण नोव्हेंबर अर्धा सरला तरी समुद्र काळाच होता. किनाऱ्याला पातळ कवच धरायचं, रात्रीच्या वाऱ्यानं फुटायचं, पुन्हा धरायचं. तिच्या लहानपणी या दिवसांत माणसं कुत्र्यांच्या गाड्या घेऊन त्याच पाण्यावरून जायची. आता अस्वलं किनाऱ्यावर येऊन बसतात, जुलैपासून उपाशी, समुद्राकडे तोंड करून, आणि समुद्र काही जमत नाही. मग ती वळतात. गावाकडे बघतात. म्हाताऱ्या तुलुगाकनं त्या दिवशी सभागृहाच्या दारात अत्तुंगालाच्या पाठीत थाप मारून म्हटलं होतं, "जा बाबा, जा. नाहीच मिळालं तर माझ्या जावयाला मार, तोही तेवढाच केसाळ आहे." सगळे हसले होते. अत्तुंगालाही हसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते. एवढंसं हसणं माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. अत्तुंगालाला त्या हसण्यानं कचऱ्याच्या ढिगावर नेलं.

जनावर लहान होतं, जेमतेम तीन वर्षांचं. आईनं नुकतंच हाकललेलं असणार. पुढचे पंजे तिनं उचलून पाहिले. तळव्यांना काजळी होती, एका नखात तार अडकली होती. आजवर तिनं निदान चाळीस कातडी सोलली असतील, आणि तिला अस्वलाची कधीही किळस आली नव्हती. किळस अस्वलाची नव्हतीच आताही. ती नऊ वर्षांची होती तेव्हा आईबरोबर बर्फावर पालथी पडून तिनं एक मोठा नर पाहिला होता, वसंतात, दिवस मावळतच नाही तेव्हा. सीलच्या श्वासाच्या भोकाशी तो मान खाली घालून उभा होता. किती वेळ, ते तिला आठवत नाही, लघवीला लागली होती तरी आईनं हलू दिलं नव्हतं. मग एकदाच पंजा, एकदाच दात, आणि सील बर्फावर. त्यानं कातडं आणि चरबी खाल्ली, तेवढीच, आणि बर्फात तोंड पुसून, थेट माणसानं पुसावं तसं पुसून, तो उठून गेला. लाल मांस सगळं मागे ठेवून. तो दहा पावलं गेला नसेल तर कोल्हे आले. दोन, मग पाच. मग कावळे, मग पांढरे समुद्रपक्षी. आई तिच्या कानात म्हणाली होती, "बघ, थोरल्यासारखं जेवतो. आपल्यापुरतं घेतो आणि उठतो. त्याच्यामागे सगळ्यांची पंगत बसते. तो नसेल ना, तर या कोल्ह्यांना कोण वाढणार?" आणि थोड्या वेळानं, "हसू नकोस त्याला. त्याला ऐकू जातं." आता पंगत ढिगावर बसते. थोरला प्लास्टिक चघळतो, कोल्हे लंगोट ओढतात, कावळे वर बसून बघतात, आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडून आलेले पाहुणे गाडीच्या काचेतून फोटो काढतात, ढीग चौकटीत येणार नाही अशा बेतानं. तिला त्या पाहुण्यांची शिसारी यायची. ढिगावर सर्वांत जास्त कचरा आपल्याच घरांतून जातो हे आठवलं की शिसारी कुठे ठेवावी ते कळायचं नाही.

सपात तिनं बर्फानं घासली. वास गेला नाही. आईनं मरताना एकच गोष्ट मागितली होती. त्या खोलीत, त्या उष्ण, बंद खोलीत, जिथे अकरा महिने आई पडून होती आणि मूत, औषधं, न धुतलेले केस आणि सीलच्या कातड्याचा जुना धूर असा सगळ्यांचा मिळून एकच वास झाला होता. "माझ्या सपाता टेकडीवर ठेव," आई म्हणाली होती. "दगडाखाली. टाचा गावाकडे, बोटं समुद्राकडे. म्हणजे उठले की सरळ चालायला लागेन." निवियाकनं हो म्हटलं होतं. त्या दोऱ्यावरून आईनं तिला किती चिडवलं होतं, "माझ्या पायांना पुदिन्याचा वास येतो गं, आता मी दात घासायला पाय तोंडात घालू का?" आणि आई गेली, मार्च होता, टेकडीवर कमरेएवढा बर्फ, आणि निवियाकला त्या खोलीची इतकी किळस आली होती, इतकी, की तिनं अंथरूण, चादरी, उशा, कपडे, सगळं काळ्या पिशव्यांत कोंबलं आणि पिशव्यांच्या तोंडांना गाठी मारल्या. सपाता हातात घेतल्या. आतून ओल्या होत्या. तिनं त्या नाकापासून लांब धरल्या. अजून तिला आठवतं, कोपर ताणून, लांब. आणि पिशवीत टाकल्या. कचऱ्याची गाडी आली आणि गेली. मग तिनं सुगंधी फवारा मारला, लव्हेंडरचा, ते फूल तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. लोकांना सांगितलं, ठेवल्या टेकडीवर, दगडाखाली. तुलुगाक म्हणाला होता, "चांगलं केलंस पोरी. आता ती चालेल."

आणि त्याआधी, कितीतरी आधी, तिला स्वतःच्या छातीची किळस आली होती, तेही तिला आता कचऱ्यातून वर आल्यासारखं आठवलं. तिची लेक चार महिन्यांची होती. दक्षिणेकडून माणसं आली, काचेच्या छोट्या बाटल्या घेऊन, फार अदबीनं बोलली. बायकांनी अंगावरच्या दुधानं बाटल्या भरून दिल्या, आपसात हसत, त्यांना कालवण करायचंय वाटतं म्हणत. पुढच्या वर्षी सभागृहात पडदा लावून सांगितलं की दुधात विष आहे. कुठल्यातरी कारखान्यांचं, ज्यांची नावं कुणाला उच्चारता येईनात. ते पाण्यातून किड्यांत जातं, किड्यांतून माशांत, माशांतून सीलमध्ये, चरबीत साठतं, आणि जो सर्वांच्या वर बसून चरबी खातो त्याच्यात सर्वांत जास्त. म्हणजे अस्वल, आणि आई. पाजत राहा, असंही ते म्हणाले, याहून चांगलं काही नाही. ती घरी आली, लेकीनं तोंड उघडलं, आणि निवियाकनं अंगरखा खाली ओढला. लेक रडून रडून काळीनिळी झाली. उलुरियाकनं, तिच्या आईनं, खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. "दूध कधी घाण असतं का गं? घाण करणाऱ्यानं घाण केली, दुधाचा काय दोष?" पण निवियाकच्यानं होईना. डब्यातली पूड पाजून तिनं लेक वाढवली. ती लेक आता दक्षिणेत असते, फोनवर हवापाण्याचं बोलते.

"दाईआई, झालं का गं?"

तिनं सपात एप्रनच्या खिशात घातली. अत्तुंगाला घराच्या कोपऱ्यावरून आला, आला तो सरळ जनावराच्या फाडलेल्या पोटाकडे बघतच. जठर तिनं तोवर उलटं करून बर्फाखाली लोटलं होतं.

"पोटात काय होतं?" त्यानं विचारलं. सहज विचारावं तसं, पण हातमोजा उगाच काढून पुन्हा घातला.

"काही नाही," निवियाक म्हणाली.

"रिकामं?"

"रिकामं."

त्यानं श्वास सोडला, त्याची वाफ तिच्यापर्यंत आली. "बर्फावरचं ना, म्हणून. उपाशी असतात बिचारी." तो हसला. सहा वर्षांचा असताना हसायचा तसाच, एक खळी घेऊन. "मियालीनं तुझ्याकडे मोठा डबा पाठवलाय, उकळायला. दुपारी सगळे येतायत. तुलुगाकआजोबा म्हणाले, मी पण येतो, पण माझ्या जावयाला सोडलंस याबद्दल दुःखी आहे."

तीही हसली. हसताना खिशातलं ओलं कापडाला लागून मांडीपर्यंत झिरपत होतं. हा मला खोटं सांगतोय, मी याला खोटं सांगतेय, आणि दोघंही एकमेकांना किती जपतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला दोघांचीही घृणा वाटली. सोपं होतं तसं. मांस तीन तास उकळायचं, ते तर प्रत्येकच अस्वलाचं उकळतात. एक तुकडा खायचा, नावाजायचं. त्याचं नशीब राहील, तिचं टेकडीवरचं खोटं दगडाखाली राहील. कुणाचं काही जाणार नव्हतं. सपात ढिगावर परत फेकायचीही गरज नव्हती, चुलीत घातली की झालं.

पण चुलीत घातली नाही. पडवीत, जुन्या बुटांमागे, पाव आणलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवली, आणि मांस चढवलं. वाफ घरभर झाली. खिडक्या धुरकटल्या. तिनं झाकण उघडून चार वेळा वास घेतला, आणि चारही वेळा तिला तो आला, खाली कुठेतरी, डिझेलचा. कदाचित तिच्या नाकातच बसला होता.

दोन वाजता माणसं आली. जमिनीवर खोक्यांचे पुठ्ठे पसरले, वर्तुळात बसली, पाचसात शेजारी, तुलुगाक भिंतीला टेकून. मियालीनं, अत्तुंगालाच्या बायकोनं, कडेवरची पोर सरळ निवियाकच्या मांडीवर ठेवली. "घ्या दाईआई, तुमची आई आली."

पोर दोन वर्षांची होती. निवियाकची आई गेली त्यानंतर तीन महिन्यांनी जन्मली, म्हणून तिला नाव दिलं उलुरियाक, आणि नाव आलं म्हणजे माणूस आलं. त्या दिवसापासून निवियाक तिला आई म्हणते, आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटत नाही. पोरीचे पाय उघडे होते. बर्फासारखे गार. मियाली पिशवीतून लोकरी मोजे काढत म्हणाली, "ही कशी करते बघा ना. काहीच पायात ठेवत नाही. बूट घातले की काढते, मोजे घातले की काढते. आमच्या सासूबाई म्हणतात, कशाला घालतेस, तिच्या सपाता आहेत की टेकडीवर." सगळे कौतुकानं हसले. पोरीनं मोजा ओढून काढला आणि फेकला. निवियाकनं तिचे तळवे हातात धरले, धरले तसे सोडले, कारण आपल्या हातांना कसला वास येतोय हे तिला माहीत होतं.

अत्तुंगालानं पहिला तुकडा काढला. जाड, कडेला चरबीची पांढरी पट्टी. दोन्ही हातांनी तो तिच्यापुढे धरला. तिनं तुकडा घेतला. पोरीनं मान वर केली, चरबी पाहिली, आणि तोंड उघडलं.

"अगंबाई," मियाली हसून म्हणाली, "आधी तिलाच भरवा, दाईआई. चरबी किती आवडायची त्यांना."

"भरव, भरव," शेजारीण म्हणाली. "आईला आधी."

पोरीचं तोंड उघडंच होतं. चिमुकले दात, मागे गुलाबी जीभ. चरबी निवियाकच्या बोटांवरून कोपराकडे ओघळत होती. तिच्या डोळ्यांपुढे बाटल्या आल्या, ओढून घेतलेला अंगरखा आला, रडून काळानिळा झालेला चेहरा आला. आपल्याला आयुष्यभर चुकीच्याच वेळी किळस आली, असं तिला वाटलं, आणि आत्ता ती बरोबर वेळी आली होती. तिनं हात मागे घेतला.

"हिला नको," ती म्हणाली. "हे ढिगावरचं आहे."

अत्तुंगाला म्हणाला, "दाईआई." फक्त एवढंच.

पोरीला मियालीकडे देऊन ती उठली, पडवीत गेली, पावाची पिशवी घेऊन आली आणि सपात पुठ्ठ्यावर ठेवली, डब्याशेजारी. उबेत वास झपाट्यानं पसरला. शेजारणीनं बाही नाकाला लावली.

"ही त्याच्या पोटात होती. आईची आहे. टेकडीवर ठेवली म्हणाले ते खोटं. टेकडीवर गेलेच नाही मी. घाण येत होती म्हणून कचऱ्यात टाकली."

"तू म्हणालीस पोट रिकामं होतं," अत्तुंगाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तू म्हणालास टोकावर मारलं."

तो खाली बघत राहिला. "बर्फच नाही गं धरलं," तो म्हणाला. "सगळा किनारा फिरलो. चिठ्ठीचे चार तास उरले होते. ते ढिगावर बसलं होतं, माझ्याकडे बघत. उठलंसुद्धा नाही. मला वाटलं, पळेल तरी. पळालं नाही." त्यानं तोंडावरून पंजा फिरवला. "असं कुणी मारतं का? मलाच शिसारी आली."

"नाक आम्हालाही आहे," तुलुगाक भिंतीजवळून म्हणाला. "डबा उघडला तेव्हाच कळलं. पण बोलायचं कुणी? म्हटलं, मला दात नाहीत, आपण सुटलो."

कुणी हसलं नाही. पोर मियालीच्या मांडीवरून घसरली, पुठ्ठ्यावरून रांगत सपातीपर्यंत आली. मूर्खासारखं निवियाकला वाटून गेलं, आता ही पाय घालेल. माफ करेल. पोरीनं सपात उचलली, नाकाशी नेली, आणि तिचं नाक डाव्या बाजूनं वर चढलं, आईचं चढायचं तसंच, सडका मासा दारात आणला की चढायचं तसं. "छी," ती म्हणाली, आणि हात ताणून, लांब धरून, तिनं सपात टाकून दिली.

शेजारणी उठल्या. अंगरखे घालू लागल्या, एकमेकींकडे न बघता. अत्तुंगालानं डब्याच्या दोन्ही कड्या धरल्या. "कुत्र्यांना घालतो," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. कुत्र्यांना घातलं की संपलं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाळ कापणारीनं टाकलेलं पहिलं अस्वल. याच्यापुढे याच्या बंदुकीसमोर काही येणार नाही, आणि हा जाणारही नाही. दुकानातली गोठवलेली कोंबडी खाऊन म्हातारा होईल.

"ठेव ते," निवियाक म्हणाली. "माझं आहे."

ती पुठ्ठ्यावर मांडी घालून बसली. तुकडा अजून तिच्या हातातच होता, गार होऊन चरबी घट्ट झालेली. तिनं तो तोंडात घातला. डिझेल होतं, जळकं प्लास्टिक होतं, ती बंद खोली होती, सगळं होतं. घसा वर आला. तिनं तो खाली दाबला आणि चावत राहिली, बारीक होईपर्यंत, दाराशी बायका थांबल्या होत्या आणि चावण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मग तिनं गिळलं.

"मऊ आहे," ती म्हणाली. मोठ्यानं, कारण ते मोठ्यानंच म्हणायचं असतं. "एका गोळीत पाडलंय. जनावराला त्रास दिला नाही माझ्या पोरानं. पुढचं बर्फावरचं आणेल."

अत्तुंगाला डब्याच्या कड्या धरून उभाच होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं चरबीचे हात एप्रनला पुसले, ताट पुढे सरकवलं.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "अजून वाढ."